खाडीचं पंचांग

एप्रिलच्या अखेरीस भरतीच्या वेळी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुलाखालचं पाणी समुद्राइतकंच खारट असतं. एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. जुलैत सह्याद्रीवर दोन दिवस पावसाने झोडपलं की ओहोटीला त्याच जागी तांबडं, गढूळ पाणी धावत असतं आणि त्यात मीठ नावापुरतं उरतं. पुलाचे खांब तेच, काठावरचा राजिवडा तोच, पण पाण्यात राहणाऱ्यांसाठी मुलूख बदललेला असतो. मासा पोहून दुसरीकडे जातो, खेकडा चिखलातल्या बिळात दडी मारतो. ज्याचं सगळं शरीर म्हणजे एकच पेशी, ज्याला प्रवाहाविरुद्ध पोहता येत नाही आणि जे दिवसा-दोन दिवसांत दुभंगून एकाचं दोन होतं, अशा सूक्ष्म शैवालाने काय करावं?

प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. खाडीतली तिसरी, कालवं, बोय, कोळंबीची पिल्लं, किनाऱ्याजवळची तारली या सगळ्यांचं अन्न थेट किंवा एक-दोन पायऱ्यांनी या शैवालापर्यंत पोचतं. शैवाल कधी वाढतं आणि कधी अडतं हे कळलं की खाडीचं बरंचसं अर्थकारण कळतं. पश्चिम किनाऱ्यावर ते शोधून काढायला शास्त्रज्ञांची दोन-तीन पिढ्यांची मेहनत लागली. कोची, गोवा आणि रत्नागिरी ही त्या कामाची तीन ठिकाणं.

आधी खाडीच्या स्वभावाविषयी. परदेशी पाठ्यपुस्तकांतल्या खाड्या बहुतेक थेम्स किंवा अमेरिकेतल्या चेसापीकसारख्या. तिथे नदी बारा महिने वाहते, समुद्र रोज आत येतो, आणि गोडं-खारं जिथे मिसळतं ती जागा थोडी मागेपुढे झाली तरी तिचा एक मुक्काम ठरलेला असतो. आपल्याकडे तसं नाही. काजळी नदी साखरप्याकडून निघते, आंजणारी, चांदेराई करत भाट्याला समुद्राला मिळते. नदी आखूड, उतार तीव्र. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात नदी खाडीतलं खारं पाणी ढकलून बाहेर काढते. पाऊस गेला की नदीचा जोर ओसरतो आणि समुद्र पावलापावलाने आत सरकू लागतो. मे महिन्यापर्यंत तो सरकतच असतो. कुठे स्थिरावणार, तोच पुन्हा मृग लागतो.

ही गोष्ट आपल्या कोळ्यांना माहीत होती, पण तिला गणिती रूप दिलं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या व्ही. विजित, डी. सुंदर आणि सतीश शेट्ये यांनी. २००९ सालच्या त्यांच्या शोधनिबंधात अशा खाड्यांना ‘मोसमी खाड्या’ असा वेगळा वर्ग दिला आहे. मांडवीसारख्या खाडीत वर्षभरात जेवढं गोडं पाणी येतं ते खाडीत मावणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट असतं, पण ते येतं सगळं एकाच हंगामात. त्यामुळे मिठाची आवक-जावक कधीच समतोल होत नाही. मला या निबंधाचं महत्त्व फार वाटतं. कोकणातली खाडी अभ्यासायची तर ‘कुठे’च्या आधी ‘कधी’ विचारायला हवं, हे त्याने पक्कं केलं. परदेशी साच्यात आपली खाडी बसवायला गेलं की दरवेळी काहीतरी उरतं, आणि जे उरतं तेच बहुधा महत्त्वाचं असतं.

आता शैवालाकडे येऊ. रत्नागिरीच्या खाड्यांत जे तरंगतं त्यात मोठा वाटा डायटमचा. डायटम म्हणजे सिलिकाच्या, साध्या भाषेत काचेच्या, कवचात बंद असलेली सोनेरी-तपकिरी पेशी. कवचाचे दोन भाग, डब्यावर झाकण बसावं तसे एकावर एक बसलेले. पेशी दुभंगली की एकीला डबा मिळतो, दुसरीला झाकण, आणि प्रत्येकीला उरलेला भाग नव्याने घडवावा लागतो. नवा भाग नेहमी आतल्या बाजूचा, म्हणजे लहान. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या काही पेशी बारीक होत जातात. ठरावीक मापाखाली गेल्या की त्या लैंगिक प्रजनन करतात, कवच टाकून देतात आणि पुन्हा पूर्ण आकाराच्या होतात. जगात एकूण जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या जिवांचा मानला जातो.

या काचेचा कच्चा माल येतो कुठून? रत्नागिरीत उत्तर घराच्या भिंतीत आहे. जांभा दगड तयार होतो तो काळ्या बसाल्टातून. उष्ण हवा आणि मुबलक पाऊस यांनी लाखो वर्षं खडक धुतला, त्यातली सिलिका विरघळून वाहून गेली आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. तो तांबडा उरलेला भाग आपण चिऱ्याच्या रूपाने घराला लावतो. गेलेला भाग ओढ्यांतून नदीत आणि नदीतून खाडीत येतो, तिथे डायटम तो उचलतात. नदी थांबली की हा पुरवठाही आटतो.

सूक्ष्मदर्शकाखाली हे जग पाहायची रीत सोपी पण चिकाटीची. बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात आयोडीनचं लुगोल द्रावण टाकायचं. पेशी मरतात, जड होतात, तपकिरी रंग घेतात. बाटली दिवस-दोन दिवस हलवायची नाही. सगळं तळाशी बसलं की वरचं पाणी नळीने अलगद काढून टाकायचं. उरलेल्यातलं एक मिलिलिटर पाणी सेजविक-राफ्टर नावाच्या काचेच्या पट्टीत घालायचं. ही पट्टी ५० मिलिमीटर लांब, २० रुंद आणि एकच मिलिमीटर खोल. मग चौकटीमागून चौकट मोजायची. गोल चकती दिसली तर कॉसिनोडिस्कस; ती इतकी मोठी असते की चांगल्या नजरेला ठिपका म्हणून नुसतीही दिसते. चारी कोपऱ्यांतून लांब काटे निघालेली ती किटोसेरॉस. एकापुढे एक पेशी बारीक सिलिकाच्या काड्यांनी जोडलेल्या दिसल्या तर स्केलेटोनेमा, आणि इंग्रजी एस अक्षराच्या वळणाची ती प्लुरोसिग्मा. बाटलीऐवजी जाळी वापरली तर काम झटपट होतं, पण सगळ्यात लहान पेशी जाळीच्या छिद्रांतून निसटतात. जुन्या अनेक नोंदींत लहान शैवाल कमी दिसतं त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

डायटम ओळखायला विलक्षण संयम लागतो. हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर आणि आसपासच्या गोड्या पाण्यातल्या डायटमांवर लिहिलं, आणि पुढे आयुष्यभर देशातल्या शेकडो जातींची वर्णनं केली. कवचावरच्या रेषा मोजून जात ठरवायची, हातानेच चित्र काढायचं, असा तो काळ. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर काम होतं, तेव्हा गांधींची ती चित्रं समोर ठेवावीच लागतात.

खाऱ्या-गोड्याच्या प्रश्नाला थेट हात घातला तो कोचीत. सईद झहूर कासिम हे नाव पहिल्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेचे नेते म्हणून पुष्कळांना आठवेल. त्याआधी त्यांनी कोचीच्या कायलात, म्हणजे तिथल्या खाडीच्या पसरट पाण्यात, बरीच वर्षं काढली. १९७२ साली त्यांनी, पी. एम. ए. भट्टतिरी आणि व्ही. पी. देवसी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उष्ण कटिबंधातल्या निरनिराळ्या प्लवक शैवालांना कमी-जास्त खारटपणाच्या पाण्यात ठेवून त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाचा वेग मोजला. ही शैवालं समुद्रातली, तेव्हा समुद्राच्या पाण्यात ती सर्वांत जोमाने काम करतील असं कुणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही. बहुतेकांचा वेग सर्वांत जास्त भरला तो समुद्राहून बऱ्याच सौम्य पाण्यात, साधारण दहा ते वीस ग्रॅम मिठाच्या आसपास. पाऊस पडून पाणी पातळ होतं त्या हंगामाशी ती जुळवून घेतलेली होती.

म्हणजे गोड्या पाण्याची लाट हे या शैवालावरचं संकट नाही, उलट बोलावणं आहे. आर. सुब्रह्मण्यन यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोझिकोडच्या किनाऱ्यावर वनस्पतिप्लवकांचा जोर नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत सर्वाधिक असल्याचं दाखवलं होतं. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना पूरक आहेत.

मग जुलैत भाट्याची खाडी हिरवी-सोनेरी का दिसत नाही? कारण मीठ सोसलं, खत मिळालं, तरी उजेड नाही. तो मोजायची तबकडी इटालियन धर्मगुरू पिएत्रो आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली वापरात आणली. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीची लांबी वाचायची. स्वस्तात इतकं सांगणारं दुसरं उपकरण क्वचितच असेल. ढोबळ हिशोब असा की तबकडी जिथे दिसेनाशी होते त्याच्या अडीच-तीन पट खोलीपर्यंत शैवालाला पुरेल एवढा उजेड पोचतो. तबकडी ३० सेंटिमीटरवर नाहीशी झाली तर जगण्यालायक थर फार तर मीटरभराचा. त्याखाली पेशी जिवंत राहिली तरी कमाईपेक्षा खर्च जास्त. शिवाय पाणी इतक्या वेगाने समुद्राकडे जात असतं की दुभंगून संख्या वाढायच्या आत ती वाहून जाते.

म्हणून पावसाळ्यातली खरी संधी पाऊस उघडतो तेव्हा. आठवडाभर उघडीप मिळाली की गाळ बसतो, प्रवाह मंदावतो, नदीने आणलेली नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका पाण्यात तशीच असतात आणि वर ऊन. गोव्यातल्या जुवारी खाडीत जगदीश पाटील आणि ए. सी. अनिल यांनी पावसाच्या सुरुवातीला आणि मधल्या उघडिपीत डायटमांचे बहर येतात असं नोंदवलं. महिन्यातून एकदा नमुना घेणाऱ्याला हा बहर सापडेलच असं नाही; तो येऊन गेलेलाही असतो. जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करताना नमुने किती दिवसांच्या अंतराने घेतले हे आधी पाहावं.

अंतर सांभाळलं तरी तिथी राहतेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीतून पाणी जोरात आत-बाहेर करतं, तळाचा चिखल ढवळतो. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, चढउतार कमी, पाणी तुलनेने निवळ. एकाने उधाणाला आणि दुसऱ्याने भांगाला नमुना घेतला तर दोघांचे आकडे जुळणार नाहीत, आणि दोघेही खरं बोलत असतील.

कोकणात भरतीची वेळ काढायचा तोंडी हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशोब मुंबईला जास्त बसतो. रत्नागिरीत भरती त्याआधी थोडी लागते. यातून एक मजेदार गोष्ट निघते. उधाणाला भरती दुपारी, म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. चिखलाचं मोठं मैदान उघडं पडतं, पण उतरत्या किंवा चढत्या उन्हात. भांगाला उलट. ओहोटी भर दुपारच्या सुमाराला, पण पाणी फारसं मागे हटत नाही, वरच्या अंगाचा पट्टाच उघडा पडतो. चिखलात राहणाऱ्या शैवालाला कधी जागा भरपूर आणि ऊन कमी, कधी ऊन भरपूर आणि जागा कमी. दर पंधरवड्याला हे चक्र फिरतं.

चिखलात राहणारं शैवाल, हा खाडीच्या गोष्टीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. कांदळवनाच्या कडेला ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर दुपारी सोनेरी-तपकिरी झाक दिसते. ती घाण समजून लोक पाय चुकवतात. ती झाक म्हणजे नॅव्हिक्युला, निट्झ्शिया, प्लुरोसिग्मा असल्या डायटमांचा थर. तरंगणाऱ्या भावंडांना चालता येत नाही, यांना येतं. कवचाच्या लांबीला एक बारीक फट असते, तिच्यातून चिकट द्रव सोडत पेशी सरकते, सेकंदाला काही मायक्रोमीटर. पाणी ओसरलं आणि ऊन असलं की वर यायचं, भरती परतायच्या आधी खाली जायचं. गंमत म्हणजे हा चिखल प्रयोगशाळेत, जिथे ना भरती ना ओहोटी, नुसता ठेवला तरी काही दिवस त्या पेशी त्याच वेळापत्रकाने वर-खाली करत राहतात. घड्याळ त्यांच्या आत असतं. त्यांनी सोडलेल्या चिकट द्रवाने चिखलाचे कण बांधले जातात आणि वरचा थर सहजी धुपत नाही.

या थरावर चरणारा प्राणी आपल्या ताटातला आहे. निवटी. तिला ओहोटीला नीट पाहावं. ती चिखलावर सरकते, डोकं डावी-उजवीकडे हलवत वरचा पातळ थर तोंडाने खरवडते आणि पुढे जाते. मागे अर्धगोल खुणा राहतात. मुंबईत के. बी. मुत्सद्दी आणि डी. व्ही. बाळ यांनी निवटीच्या खाण्याचा अभ्यास केला होता. तिचं अन्न मुख्यतः डायटम. बोयसुद्धा चिखल घेऊन त्यातलं शैवाल पचवतो. निवटीच्या कालवणाची चव घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही की तो चिखलावरचं ऊन खातो आहे.

तरंगणारं शैवाल खाण्याचं काम शिंपल्यांचं. राजिवड्यापासून काळबादेवीपर्यंत ओहोटीला बायका मुळे काढायला उतरतात. हे शिंपले पाणी आत घेतात, कल्ल्यांवर शैवाल गाळतात आणि पाणी सोडतात. १९७० च्या दशकात मराठवाडा विद्यापीठातले आर. नागभूषणम आणि यू. एच. माने यांनी रत्नागिरीच्या शिंपल्यांवर बरंच काम केलं. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवरच्या औरंगाबादहून येऊन त्यांनी हे नेटाने चालवलं, याचं मला कौतुक वाटतं. काळबादेवीच्या खाडीतल्या कॅटेलिसिया ओपिमा या तिसरीच्या पाणी ओढण्याच्या वेगावर परिस्थितीचा काय परिणाम होतो हे माने यांनी १९७५ च्या निबंधात मांडलं. भाट्याकडच्या हिरव्या शिंपल्यांच्या शरीरातली प्रथिनं, चरबी, ग्लायकोजेन ऋतूनुसार कशी बदलतात हेही दोघांनी पाहिलं. शिंपला कधी भरलेला आणि कधी पोकळ लागतो, हा बाजारातल्या बाईचा अनुभव तिथे टक्क्यांत उतरला. शैवालाचा बहर आणि अंडी सोडण्याचा काळ, या दोहोंवर ते टक्के ठरतात.

खाडीबाहेर हाच हिशोब तारलीला लागू पडतो. नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी १९५५ मध्ये दाखवलं की पश्चिम किनाऱ्यावर फ्रॅजिलेरिया ओशनिका हा डायटम भरपूर असला तर तारलीही भरपूर असते. मासा दिसायच्या आधी शैवाल बघून मासेमारीचा अंदाज करता येईल, ही तेव्हा धाडसी कल्पना होती.

डायटमांशिवाय डायनोफ्लॅजेलेट हा दुसरा मोठा गट, आणि तो मात्र नेहमी भला वागत नाही. १९८३ साली मंगळूर परिसरात तिसऱ्या खाऊन लोकांना लकव्यासारखी विषबाधा झाली. शैवालातलं विष तिसरीत साठतं, तिला स्वतःला त्याचा त्रास होत नाही, आणि शिजवूनही ते जात नाही. पाणी लाल किंवा तपकिरी दिसतंय, वास येतोय असं जाणवलं तर त्या दिवसांत शिंपले टाळावेत. अर्थात पाणी स्वच्छ दिसतं म्हणून शिंपले सुरक्षितच असतात असंही नाही.

नॉक्टिलुका हाही याच गटातला, पण अर्धा-एक मिलिमीटरचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारा. हिवाळ्यात रात्री लाट फुटली की निळा उजेड पडतो तो याचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे असे व्हिडिओ आता दर मोसमात फिरतात आणि लोक गाड्या काढून बघायला येतात. देखावा सुंदर आहे, पण त्यामागची बातमी तितकीशी चांगली नाही. जोआकिम गोएस आणि हेल्गा दो रोझारियो गोमेस हे मूळचे गोव्याचे शास्त्रज्ञ आता अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमोंट-डोहर्टी वेधशाळेत असतात. गोएस यांनीच १९८८ मध्ये देवसींबरोबर मांडवी-जुवारीच्या शैवालांत कोणत्या जातीनंतर कोणती जात येते याचा क्रम मांडला होता. २०१४ च्या निबंधात या दोघांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटमांचे बहर येत. त्यांच्या जागी आता हिरवा नॉक्टिलुका पसरतो आहे, आणि कमी ऑक्सिजनचं पाणी वरपर्यंत येणं त्याच्या पथ्यावर पडतं. त्याच्या पोटात दुसरं हिरवं शैवाल राहतं, ते प्रकाशसंश्लेषण करून त्याला अन्न देतं. शिवाय तो स्वतः डायटम गिळतो. त्याला खाणारे जीव मुख्यतः साल्प आणि जेलीफिश, माशांना त्याचा उपयोग कमी. डायटम, त्यांना खाणारे कोपेपॉड नावाचे बारीक जीव, मासा ही साखळी तिथे तुटते.

खाडीतली ही साखळी कोळंबीच्या बीजकेंद्रात हाताने उभी करावी लागते. कोळंबीची पिल्लं खायला लागली की पहिले काही दिवस किटोसेरॉस, स्केलेटोनेमा यांसारख्या शैवालांवर वाढवावी लागतात, म्हणून बीजकेंद्रांत शैवाल आधी फ्लास्कमध्ये, मग मोठ्या पिंपात वाढवतात. पोषक द्रावणात नायट्रेट, फॉस्फेट, लोह, जीवनसत्त्वं तर घालतातच, पण डायटम असतील तर सिलिकेट वेगळं मोजून घालावं लागतं. ते विसरलं की पाणी हिरवं होतं, पण त्यात हवा तो डायटम नसतो, भलतंच शैवाल असतं. खाडीत नदी जे फुकट देते ते इथे बाटलीतून द्यावं लागतं.

खाडीत उजेडाची तशी सोय कुणी करत नाही. कोकणातल्या खाड्यांतून वाळू निघते, परवानगीची आणि बिनपरवान्याची, आणि तिच्यावरची भांडणं ब्रासवर, रॉयल्टीवर आणि काठ कोसळण्यावर होतात. सगळी रास्त. पण पावसाळ्यात उपसा बंद असतो आणि पाऊस संपला की सक्शन पंप सुरू होतात. म्हणजे नदी गाळ आणायची थांबते, पाणी निवळू लागतं, तेव्हाच तळाचा बारीक चिखल पुन्हा वर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी अजून सौम्य असतं, खत शिल्लक असतं, ऊन स्वच्छ असतं. कासिम, भट्टतिरी आणि देवसींच्या प्रयोगाकडे पाहिलं तर शैवालासाठी वर्षातले सर्वांत कमाईचे आठवडे तेच. उपशाच्या पर्यावरणीय अहवालात सेक्की तबकडीची खोली उधाणाला आणि भांगाला, उपसा चालू असताना आणि नसताना, अशी चार खान्यांत भरून घेतली तर खर्च एका दोरीचा आहे.